दगड उचलणाऱ्या मुलाला कायदा काय सांगतो?

झाशीच्या जुन्या तटाला दहा दरवाजे होते. त्यांपैकी लक्ष्मी गेटातून बाहेर पडणारा रस्ता लक्ष्मी तलावाकडे, महालक्ष्मीच्या देवळाकडे आणि गंगाधररावांच्या छत्रीकडे जातो. मराठी माणूस इथे येतो तो बहुधा राणीच्या वाटेवरून चालण्यासाठी. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मीही पूर्वी दोन-तीनदा त्याच हेतूने आलो होतो. गेल्या हिवाळ्यात मात्र एका सेवानिवृत्त स्नेह्यांकडे मुक्कामाला असताना, त्यांच्या आठवीतल्या नातवाने मला या गेटाजवळ वेगळेच काही दाखवले. गल्लीच्या दुरुस्तीसाठी तिथे खडीचा ढीग पडला होता. तो मुलगा त्या ढिगापाशी उकिडवा बसून एकेक तुकडा उन्हात फिरवून पाहत होता.

या घराण्याचे पूर्वज नेवाळकरांच्या काळात कोकणातून इथे आले. घरात मराठी बोलतात, पण तिला बुंदेलीचा हेल आहे. मुलाने आपला बुटांचा जुना खोका आणून उघडला. आत कागदाच्या पुड्यांत दगड होते आणि प्रत्येक पुडीवर तारीख आणि ठिकाण लिहिलेले होते. गुलाबी फेल्डस्पारचे ठळक दाणे असलेला ग्रॅनाइट होता, पांढरी गार होती, अभ्रकाचे पापुद्रे होते आणि साबणासारखा गुळगुळीत लागणारा, इकडे ‘गौरा’ म्हणतात तो दगडही होता. हा गौरा म्हणजे पायरोफिलाइट. झाशी आणि ललितपूर जिल्ह्यांत तो खणला जातो आणि महोब्याचे कारागीर त्याच्यावर कोरीव काम करतात.

सर्वांत जपून ठेवलेली पुडी त्याने शेवटी उघडली. दुधाळ रंगाच्या पातळ दगडात नेच्याच्या पानासारखी काळी नाजूक नक्षी होती. पुडीवर लिहिले होते, ‘वनस्पतीचा जीवाश्म’. मला त्याचा हिरमोड करावा लागला. तो दगड बांद्याच्या केन नदीतला ‘शजर’ होता. अकीकाच्या भेगांतून शिरलेल्या पाण्याबरोबर मँगनीज आणि लोहाची संयुगे येतात आणि साचताना अशी झाडासारखी फांद्या फोडत जातात. तिथे कधीही पान नव्हते. शिवाय झाशीच्या पायाखालचा ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी शिलारसातून थिजला. बबिन्याच्या बाजूचे काही खडक तर ३३० कोटी वर्षांच्या घरातले आहेत. अशा खडकात पाने आणि शिंपले सापडत नाहीत. मुलगा क्षणभर खट्टू झाला, मग त्याने पेन्सिल काढून ‘जीवाश्म’ हा शब्द खोडला आणि विचारले, “आजोबा, शाळेत एक जण म्हणाले की असे दगड घरी आणणे गुन्हा आहे. खरे का?”

मी तीन दशकांहून अधिक काळ प्रशासनात होतो. त्यांपैकी काही वर्षे जिल्हा दंडाधिकारी म्हणून गुन्हा काय आणि काय नाही हे ठरवण्यात गेली. तरीही मला त्या मुलाला सरळ उत्तर देता आले नाही. हा लेख त्या न दिलेल्या उत्तराविषयी आहे.

आपला कायदा या छंदाविषयी काय म्हणतो ते पाहू. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये ‘वनोपज’ या संज्ञेत लाकूड, मध, लाख यांच्याबरोबरच जंगलात मिळणारे खडक आणि खनिजेही येतात. म्हणजे राखीव जंगलातल्या पायवाटेवरची गारगोटी विनापरवाना खिशात टाकणे हे, शब्दशः घेतले तर, वनोपज नेणे ठरते. खाणी आणि खनिजांविषयीचा १९५७ चा अधिनियम परवाना, पट्टा, स्वामित्वधन आणि वाहतूक यांची भाषा बोलतो. त्याच्या लेखी दगड म्हणजे महसूल. प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा अधिनियम आणि पुरावशेषांविषयीचा १९७२ चा अधिनियम मुख्यतः माणसाने घडवलेल्या वस्तूंसाठी आहेत. शंभर वर्षांपूर्वीचे नाणे त्यांच्या कक्षेत येते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे डायनोसॉरचे अंडे मात्र माणसाने घडवलेले नसल्यामुळे तिथे उपरे ठरते.

याचा परिणाम विचित्र आहे. पट्टाधारकाने सुरुंग लावून आख्खी टेकडी क्रशरमध्ये घातली आणि स्वामित्वधन भरले, तर त्या टेकडीत काय होते हे त्याला कोणी विचारत नाही. त्याच टेकडीच्या पायथ्याचा एक तुकडा एखाद्या मुलाने नावगाव लिहून खोक्यात ठेवला, तर तो कायद्याच्या कोणत्या बाजूला उभा आहे हे त्याला कोणी सांगू शकत नाही.

ही उणीव सरकारच्या ध्यानात आलीच नाही असे नाही. केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा स्थळे आणि भूअवशेष यांच्या जतनासाठी एका विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. जीवाश्म, दुर्मीळ खनिजे, उल्का, खडकांच्या विशेष रचना यांना कायद्याच्या भाषेत प्रथमच नाव मिळाले, ही त्याची मोठी जमेची बाजू. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने आजवर देशातील तीसहून अधिक स्थळे राष्ट्रीय भूवारसा म्हणून घोषित केली आहेत. आपले लोणार त्यांत आहे. पण या घोषणेमागे स्वतंत्र कायद्याचे बळ नाही. मसुद्याने ते देऊ केले. या ओळी लिहीपर्यंत त्याचा कायदा झालेला नाही.

मसुद्याच्या हेतूविषयी मला शंका नाही. माझी शंका त्याच्या दृष्टीविषयी आहे. त्याचा भर स्थळ घोषित करणे, जमीन संपादन करणे, मनाई करणे आणि शिक्षा देणे यांवर आहे. बहुतेक अधिकार केंद्र सरकार आणि सर्वेक्षण यांच्या हाती एकवटतात. खोक्यात दगड ठेवणारा मुलगा, सुट्टीत ओढ्याकाठी हिंडणारा शिक्षक, सुरुंगानंतर पोकळीत चमकणारे स्फटिक पाहून थबकणारा खाणकामगार ही माणसे या रचनेत दिसतात ती संभाव्य आरोपी म्हणून. ज्याला प्रथम दिसते, त्याला सहकारी मानण्याची तरतूद तिथे नाही.

इथे इतिहासाची साक्ष काढणे भाग आहे. या देशातले भूविज्ञान मोठ्या प्रमाणात हौशी माणसांनी उभे केले आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची स्थापना १८५१ ची. त्याआधी तेवीस वर्षे, १८२८ मध्ये, जबलपूरच्या बडा शिमला टेकडीवर विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याला काही अश्मीभूत हाडे मिळाली. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेले स्लीमन ते हेच. १८३५ च्या डिसेंबरात, रामचंद्ररावांच्या निधनानंतर झाशीच्या गादीचा वाद चालू असताना ते या शहरातही आले होते. त्यांच्या प्रवासवर्णनात तो भाग आहे. कचेरीचे काम सांभाळून दगड पाहणाऱ्या त्या अधिकाऱ्याने आपली हाडे स्पिल्सबरी नावाच्या डॉक्टरांना दिली, त्यांच्याकडून ती कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे गेली आणि १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी त्या प्राण्याला ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असे नाव दिले. भारतीय डायनोसॉरच्या अभ्यासाचा आरंभ तिथे आहे.

या कथेचा उत्तरार्ध अधिक बोलका आहे. पुढे ते मूळ हाड हरवले असे मानले जाऊ लागले. २०१२ मध्ये ते कोलकात्यातच, सर्वेक्षणाच्या संग्रहात, पुन्हा सापडले. शोधणाऱ्यांत नागपूरचे भूवैज्ञानिक धनंजय मोहबे होते. सरकारी कपाटात गेलेली वस्तू सुरक्षित असते, पण ती सापडेलच असे नाही. अभिलेखागारात आयुष्य घालवलेल्या कोणालाही याचे आश्चर्य वाटणार नाही.

विदर्भातल्या वाचकांना स्टीफन हिस्लॉप हे नाव एका महाविद्यालयामुळे परिचित आहे. हे मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले आणि धर्मप्रसार व शाळा यांतून वेळ काढून आसपासचे खडक, जीवाश्म आणि प्राचीन शिलावर्तुळे यांची पाहणी करत राहिले. चंद्रपूरच्या बाजूला मांगली येथे मिळालेली एका उभयचराची कवटी लंडनला गेली आणि १८५५ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना हिस्लॉप बुडून मरण पावले. त्यांना खडक पाहण्याचे वेतन कोणी देत नव्हते.

ही परंपरा साहेबांपुरतीच होती असे मानण्याचेही कारण नाही. आपल्या देवघरातला शाळिग्राम हा गंडकीच्या पात्रातून आलेला, ॲमोनाइट नावाच्या सागरी जीवाचा जीवाश्म असतो. चक्र स्पष्ट आहे की नाही, दगड अखंड आहे की भंगलेला, हे पारखणाऱ्या पिढ्या आपल्याकडे होऊन गेल्या. झाशीतल्या त्या घरातही देव्हाऱ्यात शाळिग्राम आहे. मुलाच्या आजीने तो मला दाखवला आणि सहज म्हणाली, “भाऊ, हा आमच्या घरातला सगळ्यात जुना माणूस.” तो किती जुना आहे हे मी सांगितल्यावर तिने त्याच्यावर एक तुळशीचे पान अधिक वाहिले.

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्याचे उदाहरण तर अगदी ताजे आहे. तिथल्या काही गावांत गोल दगडांना शेताच्या सीमेचा राखणदार भैरव मानून पुजले जात होते. ती डायनोसॉरची अंडी निघाली. त्या परिसरात वर्षानुवर्षे पायपीट करणारे विशाल वर्मा हे पेशाने शाळाशिक्षक. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्या शोधनिबंधात नर्मदा खोऱ्यातील डायनोसॉरची ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली गेली, त्याच्या लेखकांत दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर त्यांचेही नाव आहे. अंडी विकली गेली असती तर एकेक अंडे कोणाच्या तरी दिवाणखान्यात जाऊन बसले असते. जागेवर मोजली गेली म्हणून एका घरट्यात किती, दोन घरट्यांत अंतर किती, त्या प्राण्यांची वीण कशी होती, हे प्रश्न विचारता आले.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा मुद्दा लगेच पटतो. कुठल्या दप्तरातून आला हे ठाऊक नसलेला कागद पुरावा म्हणून जवळजवळ निकामी असतो. दगडाचेही तसेच आहे. ठिकाण, थर आणि तारीख यांची चिठ्ठी सुटली की उत्तम जीवाश्म टेबलावरचे वजन होतो. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्याची अश्मीभूत शेण दिसायला अगदी सामान्य असते. पण त्याचे ठिकाण आणि थर निश्चित असल्यामुळे २००५ मध्ये संशोधकांना त्यांत गवताचे सूक्ष्म अवशेष ओळखता आले आणि डायनोसॉरच्या काळात गवत होते हे जगाला कळले. त्या अर्थाने झाशीतल्या मुलाच्या पुड्यांवरची पेन्सिलीची अक्षरे आतल्या दगडांहून मोलाची आहेत. त्याचे निदान चुकले होते, पण नोंद चुकली नव्हती. म्हणूनच चूक दुरुस्त करता आली.

आता माझ्या स्वतःच्या नोंदीविषयी. मध्य भारतातील एका जिल्ह्यात असताना गौण खनिजाच्या खाणपट्ट्यांच्या कित्येक फायलींवर मी सह्या केल्या. अर्जात सर्व्हे क्रमांक असे, क्षेत्र असे, घनमीटर असत, वस्तीपासूनचे आणि रस्त्यापासूनचे अंतर असे. जमिनीच्या पोटात काय आहे यासाठी रकाना नव्हता. एका खाणीत लाकडासारख्या रेषा असलेले लांब दगडी ओंडके निघत असल्याचे एका प्राध्यापकांचे पत्र आले होते. ते आवक नोंदवहीतून निरनिराळ्या टेबलांवर फिरत माझ्यापर्यंत पोहोचले तेव्हा पावसाळा उलटून गेला होता. मी जागेवर गेलो. ओंडक्यांची खडी झाली होती आणि ती एका रस्त्याखाली गेली होती. नियमांचा भंग कोणीही केला नव्हता, मीही नाही. ‘कलेक्टर’ ही पदवी मिरवणाऱ्या मला त्या दिवशी संग्राहक या शब्दाचा दुसरा अर्थ प्रथमच बोचला.

महाराष्ट्रात हाच प्रश्न अधिक झगझगीत रूपात उभा आहे. दख्खनच्या बेसाल्टमधील पोकळ्यांत अपोफिलाइट, स्टिल्बाइट, स्कोलेसाइट अशा खनिजांचे जे स्फटिक मिळतात, ते जगभरच्या संग्रहालयांत मानाने मांडलेले असतात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतले निळे कॅव्हान्साइट हे तर त्या खनिजाचे जगातले सर्वोत्तम नमुने मानले जातात. हे सारे मिळाले ते खडीसाठी आणि विहिरींसाठी खडक फोडताना. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्यांचे दर्शन घडते, तरी त्यांचा फार मोठा भाग व्यापाऱ्यांच्या हातून परदेशी गेला. तिथल्या जुन्या संग्रहांत कित्येक नमुन्यांच्या चिठ्ठीवर केवळ ‘पूना, इंडिया’ एवढाच पत्ता आहे. खाण कोणती, खडकाचा थर कोणता, हे हरवले आहे. ज्या कामगाराने छिन्नीने तो स्फटिक अलगद सोडवला, त्याचे नाव तर चिठ्ठीवर कधीच नव्हते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. हौशी लोकांना मोकळीक दिली तर छंदाच्या पांघरुणाखाली लूट होईल. जीवाश्मांना बाजार आहे. अंडी आणि हाडे विकली जातात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आजची संदिग्धता लूट थांबवत नाही. ती प्रामाणिक माणसाला गप्प बसवते. ज्याला आपले कृत्य गुन्हा आहे की नाही हे ठाऊक नसते, तो सापडलेली वस्तू दाखवायला संग्रहालयात जात नाही. व्यापाऱ्याला असा संकोच नसतो.

इतर देशांनी यातून मार्ग काढला आहे. अमेरिकेत २००९ च्या कायद्याने संघराज्याच्या जमिनीवरील पृष्ठवंशी प्राण्यांचे जीवाश्म परवान्याशिवाय उचलण्यास मनाई केली, पण ठरावीक सार्वजनिक जमिनींवर सामान्य शिंपले आणि वनस्पतींचे जीवाश्म स्वतःसाठी, माफक प्रमाणात, हाताने गोळा करण्याची मुभा ठेवली. अश्मीभूत लाकडाला तर दिवसाला २५ पौंड आणि एक तुकडा, वर्षाला २५० पौंड अशी वजनाची मर्यादा घातलेली आहे. इंग्लंडच्या पश्चिम डॉर्सेट किनाऱ्यावर कडे समुद्रात ढासळत असतात. न उचललेला जीवाश्म तिथे लाटांनी नष्ट होतो. म्हणून तिथल्या आचारसंहितेने संग्राहकाला हाकलले नाही. महत्त्वाची वस्तू मिळाली तर ती नोंदवायची आणि विकायची झाल्यास प्रथम संग्रहालयांना संधी द्यायची, एवढी अट घातली. आपल्याकडे समुद्राच्या लाटेचे काम क्रशर करतो.

या दोन्ही व्यवस्था जशाच्या तशा आणाव्यात असे मी म्हणत नाही. आपली जमीन, आपली वस्ती आणि आपले दारिद्र्य वेगळे आहे. पण विधेयक पुढे येईल तेव्हा त्यात काही गोष्टी असाव्यात. पहिली, साध्या संग्रहाची स्पष्ट मुभा. संरक्षित स्थळे आणि अभयारण्ये यांच्या बाहेर, सुटे पडलेले सामान्य खडक, खनिजे आणि शिंपले, विक्रीसाठी नव्हे, हाताने नेता येतील एवढे. हाडे, दात आणि अंडी मात्र जागेवरून हलवायची नाहीत, छायाचित्र घेऊन कळवायचे. दुसरी, कळवायचे कुठे हे ठरलेले असावे. प्रत्येक जिल्ह्यात एखादे महाविद्यालय किंवा संग्रहालय नोंदणी केंद्र म्हणून नेमावे, तिथे मिळणाऱ्या पावतीवर शोधणाऱ्याचे नाव असावे आणि वस्तू प्रदर्शनात गेली तर ते नाव तिच्याबरोबर जावे. तिसरी, खाणपट्ट्याच्या अर्जात तो हरवलेला रकाना यावा. काही विशेष आढळल्यास काम थोडे दिवस थांबवण्याची आणि त्या दिवसांची मजुरी व नुकसान यांची भरपाई देण्याची तरतूद व्हावी. खाणींच्या जिल्ह्यांत २०१५ नंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली आहेत. त्यांच्या निधीचा एक लहानसा अंश या कामी वळवता आला पाहिजे.

चौथी गोष्ट कायद्याने होणार नाही. भूगोलाच्या तासाला खडकांचे तीन प्रकार घोकून घेण्याऐवजी शाळेने मुलांना रस्त्यालगतच्या खडीपाशी न्यावे. झाशीच्या मुलाला पाय ठेवतो ती भूमी कोणत्या काळातली आहे हे कळावे, आणि साताऱ्याच्या मुलाला आपला काळा कातळ तिच्यापुढे अगदी तान्हा आहे हेही कळावे. ज्या समाजाला दगड ओळखता येत नाही, त्याला टेकडी गेली तरी काय गेले ते कळत नाही.

निघण्याच्या दिवशी सकाळी मी पुन्हा लक्ष्मी गेटाकडे गेलो. रात्रीतून काम उरकले होते. खडीचा ढीग नाहीसा झाला होता आणि गल्लीत ओल्या काँक्रीटवर गोणपाटे अंथरली होती. मुलाने खोका पुन्हा दाखवला. शजरच्या पुडीवर नवी चिठ्ठी होती. ‘शजर. केन नदी, बांदा. मामाने दिला. जीवाश्म नाही.’ तिच्याशेजारी एक नवी पुडी होती. ‘गुलाबी ग्रॅनाइट. लक्ष्मी गेटाजवळची खडी. मूळ खाण माहीत नाही.’ ते शेवटचे वाक्य लिहिण्याचे प्रशिक्षण मला नोकरीत कोणी दिले नव्हते. गुन्ह्याविषयीचा त्याचा प्रश्न त्याने पुन्हा विचारला नाही. विचारला असता, तर माझे उत्तर त्या दिवशीही तेच होते, की ते संसदेने द्यायचे आहे.